जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण: फवारणी करूनही कीड परत का येते?

गच्चीतली जास्वंद (ठाणे):

नमस्कार. आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या १४ कुंड्या आहेत. त्यांपैकी ९ जास्वंदीच्या असून उरलेल्यांत मिरची, कढीपत्ता आणि मोगरा आहे. गेल्या चार महिन्यांपासून जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसत आहेत. नवी पाने आखडून गोळा होतात आणि कळ्या उमलण्यापूर्वीच गळून पडतात. खालच्या पानांवर चिकट थर साचला असून त्यावर काजळी धरल्यासारखा काळेपणा आला आहे.

मी आतापर्यंत कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी, तंबाखूचे पाणी आणि विकत आणलेले नीमतेल असे तीन उपाय आलटून पालटून केले. पावडरीच्या पाण्याने पानांच्या कडा करपल्या. नीमतेलाने चार दिवस बरे वाटते आणि पुढच्या आठवड्यात पुंजके पुन्हा तिथेच दिसतात. झाडांना ताकद यावी म्हणून मी शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणी दर आठवड्याला आणि जीवामृत पंधरा दिवसांतून एकदा देते. मिरचीची पानेही आता वरच्या बाजूला वळू लागली आहेत. रासायनिक औषध वापरण्याची माझी इच्छा नाही, कारण जास्वंदीची फुले रोज पूजेला लागतात आणि मिरची घरात खाल्ली जाते. माझे नेमके काय चुकते आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

बांधावरचा (सांगली):

ताई, आपण वर्णन केलेली कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. काळेपणा हा वेगळा रोग नाही. कीड रस शोषून जो गोड चिकटा बाहेर टाकते, त्यावर ही काळी बुरशी वाढते. कीड गेली की ती ओल्या फडक्याने पुसून निघते.

आपले नीमतेल चुकलेले नाही, ते देण्याची पद्धत चुकली आहे. मोठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे आवरण असते आणि मादीची अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, एकेका पिशवीत काही शेकडो. त्या मेणावरून पाणी ओघळून जाते. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या अंगावर मात्र मेण नसते, आणि साबण किंवा निंबोळी अर्क त्यांनाच खऱ्या अर्थाने लागू पडतो. म्हणून एकदा फवारून थांबल्यास अंडी शिल्लक राहतात. सात सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या कराव्याच लागतात. त्याआधी फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत आणि उरलेले पुंजके पाण्याच्या जोरदार धारेने किंवा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढून टाकावेत.

निंबोळी अर्क घरी करणे अवघड नाही. वाळलेल्या निंबोळ्या खलबत्त्यात जाडसर कुटून, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर पाण्यात भिजत ठेवाव्यात. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळून पिळून काढावी, म्हणजे पाणी दुधासारखे होते. त्यात थोडे रिठ्याचे पाणी घालावे, जेणेकरून ते पानाला धरून राहील. त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे, कारण यातील अॅझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो. तयार अर्क साठवून ठेवू नये.

तंबाखूचे पाणी मात्र आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरगुती आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. त्यातील निकोटीन माणसाच्या त्वचेतूनही शरीरात जाते आणि आपण ती मिरची खाता. शिवाय तंबाखूच्या पानांतून मोझॅक विषाणू मिरची आणि टोमॅटोपर्यंत पोहोचू शकतो, आणि विषाणू शिरलेल्या झाडावर कोणताही उपाय चालत नाही.

मुंगीची वाट (पुणे):

वरील उत्तर योग्यच आहे. परंतु ताईंनी मुंग्यांचा उल्लेख केलेला नाही, आणि मला वाटते की कीड परत येण्याचे कारण तिथेच सापडेल. मुंग्या चिकट्यासाठी पिठ्या ढेकणांची राखण करतात, त्यांना नव्या शेंड्यांवर नेऊन सोडतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिडींना हुसकावून लावतात. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय केलेली फवारणी म्हणजे गळक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे.

खोडाभोवती जाड प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये. झाडाच्या फांद्या कठड्याला किंवा शेजारच्या कुंडीला टेकू देऊ नयेत, नाहीतर मुंग्यांना आयता पूल मिळतो. याशिवाय १०० मिली साखरेच्या पाण्यात १ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजवलेला कापूस भोके पाडलेल्या डबीत घालून मुंग्यांच्या वाटेवर ठेवावा. प्रमाण वाढवू नये, कारण कामकरी मुंग्या वाटेतच मेल्या तर विष वारुळात पोहोचत नाही. डबी मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागणार नाही, याची काळजी घ्यावी.

एक सावधगिरीची गोष्ट. ब्रशने घासण्यापूर्वी प्रत्येक पांढरा पुंजका नीट पाहावा. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक असा की ती आकाराने मोठी असते, तिच्या झिपऱ्या लांब असतात आणि काडी लावली की ती भराभर चालू लागते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला. त्याच्या अळ्या आणि प्रौढ किडे दोघेही पिठ्या ढेकूण खातात. मी स्वतः पहिल्या वर्षी अशा कितीतरी अळ्या कीड समजून चिरडल्या, त्याचे आजही वाईट वाटते.

बांधावरचा (सांगली):

ढालकिड्याच्या अळीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला, आठवण करून दिल्याबद्दल आभार. अशा अळ्या दिसल्या, तर त्या फांदीवर फवारणी करू नये.

शेणामातीचे हात (नाशिक):

मला खताबद्दल लिहायचे आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र असते. दर आठवड्याला ती दिल्याने झाड कोवळी, लुसलुशीत फूट काढत राहते आणि रस शोषणाऱ्या किडींना नेमकी तीच हवी असते. आपण ताकद म्हणून जे देत आहात, त्यातले बरेचसे ढेकणांच्या वाट्याला जाते. पेंड दीड-दोन महिने थांबवा आणि नंतर १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवून, त्यात दहापट पाणी मिसळून महिन्यातून एकदाच द्या.

जीवामृत चालू ठेवण्यास हरकत नाही. १० लिटर पाण्याला अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम काळा गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती हे कुंड्यांसाठी पुरेसे आहे. सावलीत ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. मात्र ते मातीतील जिवाणूंसाठी आहे, कीड मारण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

मिरचीची पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळत असतील, तर ते बहुधा फुलकिडे आहेत. खाली वळली असती, तर रस शोषणारे सूक्ष्म कोळी (माइट) असण्याची शक्यता अधिक होती. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून पाहा. बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसले, तर जास्वंदीसाठी केलेला निंबोळी अर्क तिलाही चालेल.

गच्चीतली जास्वंद (ठाणे):

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे. मुंग्या होत्याच, आणि त्यांची रांग कठड्याच्या भेगेतून थेट तिसऱ्या कुंडीत जात होती. ती कुंडी उपडी केली, तेव्हा मुळांच्या गोळ्यावरही पिठासारखा पांढरा थर दिसला. मुळे धुऊन, माती बदलून झाड पुन्हा लावले आणि मुळांशीही अर्क ओतला. पेंड बंद आहे, तीन फवारण्या झाल्या आणि नऊपैकी सात झाडांवर आता नवा पुंजका नाही. मिरचीच्या कागदावर फुलकिडेच पडले. तिची नवी पाने सरळ येत आहेत. आज चार फुले पूर्ण उमलली.

एक शंका उरली आहे. आमच्या रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली आता निंबोळ्यांचा सडा पडतो आहे. त्या वर्षभरासाठी कशा ठेवाव्यात?

बांधावरचा (सांगली):

पिकून पिवळ्या झालेल्याच वेचा. गर धुऊन बिया उन्हात न टाकता सावलीत कडकडीत वाळवा आणि सुती पिशवीत, हवा खेळेल अशा जागी टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या डब्यात त्यांना बुरशी लागते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी वापरून संपवा.