थ्री-नॉट-थ्री घ्यायची आहे : नंबर १ मार्क ३* की नंबर ४?

सातारकर_टेक्सास
आजोबा पोलिसात हवालदार होते. त्यांची थ्री-नॉट-थ्री (.३०३ बोअरची जुनी ब्रिटिश रायफल) आम्ही लांबूनच पाहिली, हात लावू देत नसत. भारतात हा बोअर (नळीचा व्यास) सामान्य माणसाला मिळत नाही, इथे टेक्सासात मिळतो. दुकानात दोन ली-एनफील्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच, आहेत: बंगालमधल्या इशापूर कारखान्याची नंबर १ मार्क ३* आणि कॅनडातल्या लाँग ब्रांचची नंबर ४ मार्क १*. किंमत जवळपास सारखीच. महिन्यातून एकदा रेंजवर नेईन. कोणती घेऊ?

जुना_नेमबाज
रेंजसाठी नंबर ४च. मार्क ३*ची मागची साइट (नेम धरायची खूण) नळीवर, डोळ्यापासून लांब आणि खाचेची असते. खाच, माशी (नळीच्या तोंडाजवळची पुढची साइट), लक्ष्य तिन्ही स्पष्ट दिसायला तरुण डोळे लागतात. नंबर ४ची साइट डोळ्याजवळ, गोल भोकाची. माशी आपसूक मधोमध येते. दोन साइट्समधलं अंतर जास्त म्हणून नेमही बारीक धरता येतो. नळी जाड आहे. चाळिशी लागली असेल तर फरक लगेच कळेल.

पैसे देण्याआधी नळीत उजेड टाकून बघा. जुन्या काडतुसांच्या क्षारांनी कित्येक नळ्या आतून खाल्ल्या आहेत. मार्क १*मध्ये बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढायची खाच तो सरकतो त्या रुळातच असते, तिथला कोपरा तुटलेला नाही ना ते पाहा. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा) गनस्मिथकडून तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

दस्ता_आणि_नळी
साइटबद्दल वरचं सगळं पटतं. तरी आजोबांची कोणती होती ते आधी शोधा. फोटोत तोंड बघा: मार्क ३*चं नाक बोथट, नळी पुढच्या लाकडाच्या टोकावरच्या धातूच्या टोपीच्या बरोबरीने संपते, नंबर ४ची नळी बोटभर पुढे येते.

इशापूरने मार्क ३* स्वातंत्र्यानंतरही बनवली. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू दिसला तर घाबरू नका, तो मजबुतीसाठीच घालत. पण लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरायची रायफल, आणि 'डीपी' शिक्का असेल तर फक्त कवायतीची. दोन्ही सोडून द्या.

सातारकर_टेक्सास
आईने फोटो पाठवला. १९६८, परेडचं मैदान, आजोबांच्या खांद्याला बोथट नाकाची. इशापूरचीच घेतो. तार नाही, डीपी नाही, आडवा स्क्रू आहे. शनिवारी गनस्मिथकडे नेतोय.