मदत हवी आहे: टेबल सॉवर पायाचा उतार चारही बाजूंनी सारखा येत नाही

नमस्कार मंडळी. टेबल सॉवर (मधून गोल पातं वर आलेलं कापायचं मशीन) जेवणाच्या टेबलाचे पाय करतोय. सागवान, 60 × 60 मिमी, उंची 740. वरचे 120 मिमी चौकोनी ठेवायचे (तिथे साल, म्हणजे आडवी पट्टी बसवायची खाच, पाडून झाली आहे), तिथून खाली चारही बाजूंनी निमुळतं करत तळाला 36 मिमी आणायचं. म्हणजे तळाशी प्रत्येक बाजूने 12 मिमी जायला हवेत.

प्लायचा स्लेड (पाय धरून पात्याकडे सरकवायची फळी) केलाय. त्यावर दोन ठोकळे, एक पायाच्या डोक्याशी, एक तळाशी. पाय ठोकळ्यांना टेकवून टॉगल क्लॅम्पने आवळतो आणि स्लेड फेन्सला (पात्याला समांतर असलेली आधारपट्टी) लावून ढकलतो. पहिली बाजू कापली, मग शेजारची. दोन्ही झकास. तिसऱ्या वेळी पहिली तिरपी बाजू ठोकळ्याकडे येते, म्हणून निघालेली पाचर मास्किंग टेपने परत चिकटवली आणि कापलं. चौथीलाही तसंच.

तळ आला 39. जाडी एकवेळ चालवून घेतली असती, पण पहिल्या दोन बाजूंना 12 गेलेत आणि समोरच्या दोघींना 9. शिवाय त्या बाजूंना उतार तीनेक सेंमी खालून सुरू होतोय. पाय उभा केला की दोन घोट घेऊन आल्यासारखा दिसतो.

पातं गुण्या लावून पाहिलं, काटकोनात आहे. फेन्स समांतर. उरलेले तीन पाय कापायची सागाचा भाव बघता हिंमत होत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1

पात्याची जाडी किती?

धागाकर्ता

कॅलिपरने 2 मिमी.

प्रतिसाद 1

अंगावर नाही, दातांवर मोजा. दात बाहेर निघालेले असतात, लाकूड तेच खातात.

धागाकर्ता

बरोब्बर 3. म्हणजे...

प्रतिसाद 1

म्हणजे तुमचा हरवलेला एक सूत (साधारण 3 मिमी) सापडला. 12 मिमीतले 3 भुसा होऊन गेले, पाचर निघाली 9 ची. लांबीलाही ती 620 ऐवजी साडेचारशेच्या आसपासच असेल, बघा. ती चिकटवली की बाजू सरळ दिसते, पण मूळ पृष्ठभागापेक्षा 3 मिमी आत असते. डोकं मात्र पूर्ण जाडीचं. मग तळ ठोकळ्याकडे वळतो आणि पात्याखाली तेवढं कमी लाकूड येतं.

पाचर विसरा. तिसऱ्या आणि चौथ्या बाजूच्या वेळी तळाचा ठोकळा आणि पाय यांच्यामध्ये 12 मिमीचा तुकडा घाला. 12 चा प्लाय बऱ्याचदा 12 भरत नाही, मोजून घ्या, कमी पडला तर पुठ्ठ्याची पट्टी लावा. पाय प्रत्येक वेळी असा वळवा की नुकतीच कापलेली बाजू वर येईल. पहिल्या तीन वेळा खाली सपाट बाजू मिळते. चौथ्या वेळी खालीही उतारच येणार, तिथे तळाखाली 12 चं पॅकिंग द्या, नाहीतर पाय डुगडुगतो आणि काटकोन जातो.

बिघडलेला पाय फेकू नका. त्याच सेटिंगवर तिसरी आणि चौथी बाजू परत घ्या. तिसरीच्या वेळी खालचं पॅकिंग 9 चं, कारण खाली येणारी चौथी बाजू तेवढीच गेलीय. चौथीला 12. या वेळी पाचर निघणारच नाही, नुसता भुसा.

प्रतिसाद 2

पाय बरेच करायचे असतील तर पाय दोन्ही टोकांच्या मध्यावर खिळ्यांनी धरणारा जिग करा. दर वेळी पाव फेरा फिरवायचा, सगळी मापं मध्यापासूनच धरली जातात, त्यामुळे भरीची भानगड नाही. खिळ्याचं डोक्याकडचं भोक टेबलाच्या फळीखाली जातं, तळाचं पायाखालच्या गादीखाली. आणि स्प्लिटर (पात्यामागची, कापलेलं लाकूड पात्याला चिमटू न देणारी पट्टी) काढून ठेवला असेल तर आधी बसवा. पाचर पात्यापाशी पडली की मशीन पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका.

धागाकर्ता

बिघडलेला पाय सुधारला. तळ एकीकडे 36, दुसरीकडे साडेछत्तीस. तेवढं रंध्याने काढतो. स्प्लिटर खरंच काढून ठेवला होता, लावलाय.