पहिली तीन वर्षे हुकली की मूल हुकले?

पाऊलवाट:
काल येथे एका सदस्यांनी लिहिले, ‘पहिल्या तीन वर्षांत आईचा सहवास तुटला, तर ती जखम जन्मभर भरून येत नाही.’ ते वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझी मुलगी २८व्या आठवड्यात जन्मली आणि पहिले ५४ दिवस काचेच्या पेटीत होती. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिच्या तळव्यावर करंगळी टेकवायची, एवढीच मला मुभा होती; तिची बोटे त्या करंगळीभोवतीही पुरत नसत. आज ती १४ वर्षांची आहे, गाढ झोपते, मोकळेपणाने भांडते. हवाईमधील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. त्यांपैकी गरिबी, घरातले कलह अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांतली सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि समंजस निघाली. मग ‘जन्मभर’ हा शब्द आपण कोणत्या आधारावर वापरलात?

जुनेखोड:
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. आपण एक तृतीयांश मुलांचे सांगता, उरलेल्यांचे काय? रुमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुले निवडून पालक-कुटुंबांकडे सोपवली गेली आणि त्यांतली जी दोन वर्षांची होण्याआधी घरात आली, त्यांना माणसांचा लळा अधिक चांगला लागला. जन्मजात दाट मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लांबली, तर डोळा स्वच्छ होऊनही नजर पुरती येत नाही, कारण मेंदूचे काही दरवाजे ठरावीक काळच उघडे असतात. म्हणूनच सहा महिन्यांचे मूल पाळणाघरात सोपवून कामावर जाणाऱ्या आया पाहिल्या की माझा जीव तुटतो.

उंबरठा:
पुन्हा आयाच! ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला, तेव्हापासून प्रत्येक चर्चेत आईलाच पिंजऱ्यात उभे केले जाते. पत्नी पाचव्या महिन्यात कामावर रुजू झाली आणि पुढची दोन वर्षे मुलाला मी सांभाळले. लस टोचायला नेले की पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘आई कुठे आहे?’ मूल माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेले असताना हा प्रश्न किती बोचतो, हे आपल्याला ठाऊक आहे का?

जुनेखोड:
आपण विषय भरकटवत आहात. अपवादावरून नियम ठरत नाही.

उंबरठा:
मी अपवाद नाही, बाप आहे! वीस वेळा ऐकून घेतले, आता ऐकणार नाही. बाळाला सतत साद देणारे ठरावीक माणूस हवे असते. ते माणूस आईच असले पाहिजे, हे आपण कशावरून ठरवले?

पाऊलवाट:
पाळणाघरावरून इतके तापण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात पाळणाघरापेक्षा घरातले वातावरण आणि आईची संवेदनशीलताच मुलाच्या वाढीशी अधिक घट्ट जोडलेली दिसली. पाळणाघरात फार तास घालवणाऱ्या मुलांत थोडा अधिक आक्रस्ताळेपणा आढळला, हेही मी लपवत नाही. मात्र अनाथालयात वीस बाळांमागे एकच दाई असणे आणि संध्याकाळी घरचे माणूस न्यायला येणे या दोन गोष्टी जुनेखोड एकाच तागडीत तोलत आहेत आणि माझा सगळा राग त्यावर आहे.

जुनेखोड:
‘जन्मभर’ऐवजी ‘पुष्कळदा’ लिहायला हवे होते, आणि ‘आई’ऐवजी ‘जवळचे माणूस’. एवढेच मान्य करतो, त्यापलीकडे एक अक्षर नाही. लवकर हात दिला तर मूल अधिक सावरते, हे आपल्यालाही नाकारता येणार नाही.

पाऊलवाट:
ते मी कधीच नाकारले नव्हते. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते: कुठल्याही यंत्राचा टीं-टीं आवाज झाला की माझी मुलगी आजही खांदे आक्रसते. तो पेटीजवळच्या यंत्रांचा ठसा आहे की माझ्याच मनाचा खेळ, हे मला सांगता येत नाही. पण आवाज आला की मी आधी तिच्याकडे पाहते.