रात्रीची लाईट आली की दादांची शुगर अन बीपी दोन्ही वाढतंय, जागरणानं होतं का?

जिंतूरची लेक: माझ्या वडलांना, म्हणजे दादांना, टाईप टू शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की शेतातल्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसाची अन एक आठवडा रात्रीची, रात्रीची असली की दादा पाण्याची दारं धरायला शेतात जातात अन पहाटंच घरी येतात. त्या आठवड्यात अर्धीच भाकर खाऊन पण उपाशीपोटीची शुगर 200 च्या पुढं, बीपी 150/95. दिवसाच्या लाईटीत एवढं नसतं. पथ्य तेच, गोळ्या त्याच. डॉक्टरला हे सांगावं का?

नांदेडची सिस्टर: ताई सांगाच. झोपेत बीपी साधारण 10 ते 20 टक्के खाली येतं, शुगरवाल्या बऱ्याच जणांचं तसंही नीट उतरत नाही अन त्यात जागरण, म्हणजे हृदयाला अन किडनीला विसावाच नाही. दुसरं कॉर्टिसॉल, हे हार्मोन रात्री कमी अन पहाटं वाढतं, झोप मोडली की ते संध्याकाळी पण चढंच राहतं, मग लिव्हर रक्तात साखर सोडतं अन इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून अर्धी भाकर खाऊनही शुगर जास्त. शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी 1999 मध्ये 11 धडधाकट तरण्या पोरांना 6 रात्री फक्त 4-4 तास झोपू दिलं होतं, त्यांना सुद्धा साखर जिरवणं जड गेलं.

औसेकर: घोरतात का बघा. माझ्या भावाचं बीपी गोळ्या वाढवून पण उतरंना, घोरता घोरता मधीच श्वास बंद व्हायचा अन दचकून उठायचा. वहिनीनं मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवला तवा कुठं स्लीप टेस्ट, म्हणजे झोपेतला श्वास तपासायची टेस्ट, झाली. श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं हार्मोन सुटतं अन बीपी चढतं, रातभर हेच. आता श्वास मोकळा ठेवायची मशीन लावून झोपतो, फरक आहे.

जिंतूरची लेक: घोरतात की, लई. लघवीला पण सारखं उठायलेत, आम्हाला वाटलं वयानं.

नांदेडची सिस्टर: शुगरनं पण असंल. साधारण 180 च्या वर गेली की साखर लघवीतून जाती, सोबत पाणी ओढती, त्यानं झोपमोड अन झोपमोडीनं परत शुगर. दोन्ही आठवड्यांचे आकडे वहीत वेगवेगळे लिहा, वर दिवसाची लाईट का रात्रीची ते टाका, वही घेऊनच जा. मनानं गोळी वाढवू नका, रात्री शेतात एकटे असताना शुगर एकदम उतरली तर बघायला कोण आहे.

गोदाकाठ: मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करून टाका, दिवसाच भिजवता येतं. तवर रातच्या पाण्याला रोजानं गडी लावा, पैसे जातील तर जाऊ द्या.