डॉलरचं नाणं मशीनला चालतं, मग माणसाला का नाही?

नाणेघाट

मागच्या हिवाळ्यात इथे अमेरिकेत एकदा कार्ड घरी विसरून स्टेशनवर गेलो. खिशात वीसची एकच नोट. तिकीट अडीच डॉलरचं. मशीननं नोट मुकाट्यानं गिळली आणि खाली जो खणखणाट सुरू झाला तो थांबेचना. रांगेतले लोक मला लॉटरी लागल्यासारखे बघायला लागले. ओंजळभर सतरा सोनेरी नाणी आणि वर दोन क्वार्टर. (क्वार्टर म्हणजे पाव डॉलर. देशातल्या मंडळींनी भलते अर्थ काढू नयेत.)

पुढे कॉफी घेतली आणि त्यातली तीन नाणी दिली. गल्ल्यावरच्या मुलीनं एक उचलून दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, आत मान वळवून "हे आपण घेतो का?" म्हणून विचारलं. घेतो, असं उत्तर आलं. पण ठेवणार कुठे? गल्ल्यात सेंट, निकेल (पाच सेंट), डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर यांचे खण, पाचव्यात रबरबँड आणि क्लिपा. शेवटी तिनं ती नोटांच्या खाली सारून दिली.

अमेरिकन लोकांना डॉलरचं नाणं आवडत नाही, असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. त्यांना ते कधी वापरावंच लागलं नाही. १९७१ चं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या चित्राचं नाणं ३८ मिलिमीटरचं, खिशात बशी बाळगल्यासारखं. ते रमलं लास व्हेगासच्या जुगाराच्या मशिनांत. १९७९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनीचं आलं, २६.५ मिलिमीटर. क्वार्टर आहे २४.३. रंग तोच, कडेच्या रेघाही तशाच. लोकांनी क्वार्टर समजून डॉलर देऊन टाकले आणि त्याला 'कार्टर क्वार्टर' नाव पाडलं, कारण कायद्यावर सही राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची. २००० मध्ये साकागाविया या मूळ अमेरिकन स्त्रीचं, पाठीवर बाळ बांधलेलं, सोनेरी नाणं आलं. रंग वेगळा, कड गुळगुळीत. पण आकार, वजन आणि धातूची विद्युत ओळख मुद्दाम अँथनीसारखीच ठेवली, म्हणजे जुन्या मशिनांना ते चालावं. मशीनच्या पोटाचा एवढा विचार झाला. माणसाच्या हातात जुनी नोट होती तशीच ठेवली.

सुट्टे देणाऱ्याकडे नोटांची थप्पी असताना तो नाणं कशाला शोधेल? एक डॉलरची नोट छापणं थांबवा, वर्षभरात नाणं अंगवळणी पडेल. माझं कुठे चुकतंय ते सांगा.

हिशेबनीस

चुकतंय, आणि आकड्यांत चुकतंय.

जीएओ म्हणून अमेरिकन काँग्रेससाठी सरकारी खर्चाची झडती घेणारं कार्यालय आहे. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं की नोटेच्या जागी नाणं आणलं तर ३० वर्षांत साधारण ५.५ अब्ज डॉलरचा फायदा. तुमच्या बाजूचे लोक अजून तोच आकडा फिरवत असतात. पण तो फायदा छपाई वाचल्याचा नव्हता. एका नोटेच्या बदल्यात दीड नाणं लागेल असं धरलं होतं, कारण लोक नाणी बरणीत टाकतात आणि विसरतात. नाणं पाडायचा खर्च किरकोळ, टांकसाळ ते देते पुऱ्या डॉलरला, मधला फरक सरकारच्या खिशात. थोडक्यात, तुमच्या बरणीत धूळ खाणारं प्रत्येक नाणं म्हणजे तुम्ही सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज. याला बचत म्हणायचं असेल तर म्हणा.

२०१९ मध्ये त्यांनीच पुन्हा हिशेब केला तर फायद्याच्या जागी तोटा आला: ३० वर्षांत ६१ कोटी ते २.६ अब्ज डॉलर. कारण नोट आता जास्त टिकते. पूर्वी फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, यंत्रात उलट्या तोंडानं गेलेली नोट ओळखता येत नसे, म्हणून चांगल्या नोटाही फाडल्या जायच्या. यंत्रं सुधारली, नोटेचं आयुष्य वाढलं. ज्या पायावर नाण्याची सगळी बाजू उभी होती तोच सरकला.

मशीनवाली

नाणेघाट, तुमच्या स्टेशनवरच्या मशीनच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. आमची चौदा व्हेंडिंग मशिनं आहेत, नवरा आणि दीर बघतात, हिशेब माझ्याकडे.

मशीनच्या आत नाण्यांच्या उभ्या नळ्या असतात, एकावर एक चकत्या रचल्यासारख्या. सुट्टे या नळ्यांतून पडतात. आता कुणी दीड डॉलरच्या सोड्याला पाचची नोट घातली, तर परत द्यायचे साडेतीन. डॉलरची नळी नसेल तर क्वार्टर पडणार चौदा. अशी चार-पाच गिऱ्हाइकं आली की क्वार्टर संपले, दिवा लागला, "नेमके पैसे घाला". मग पुढचा माणूस मशीनला लाथ घालून जातो. डॉलरची नळी असेल तर तीन नाणी आणि दोन क्वार्टर, काम संपलं. म्हणून ते स्टेशन तुम्हाला सतरा नाणी देतं. नाहीतर सत्तर क्वार्टर मोजत बसला असतात.

आणि नोट घेणारं तोंड! एका कॉलेजमधल्या आमच्या मशीनवर मी स्वतः पाहिलंय: पोरगा चुरगळलेली नोट मांडीवर इस्त्री केल्यासारखी चोळतोय, घालतोय, मशीन ऊंऽऽ करून परत ढकलतंय, पोरगा तिची बाजू बदलतोय. पाचव्यांदा चिडून निघून गेला. नाण्याला असले नखरे नाहीत.

आता दुसरी बाजू. हजार डॉलरच्या नोटा भरतात एक किलो, हजार डॉलरची नाणी आठ किलो. त्या पिशव्या तीन मजले उतरवायला दिराची पाठ लागते, जीएओची नाही. आणि चौदापैकी अकरा मशिनांवर आता कार्ड रीडर आहे. कार्डवाला दर खेपेला आपला वाटा कापतो म्हणून आम्ही कार्डावर दहा सेंट जास्त लावतो. तरी लोक कार्डच लावतात. महिन्याभरात डॉलरची नाणी येतात किती? मूठभर. त्यातली निम्मी आमच्याच मशिनांनी परत दिलेली.

टोरांटोकर

इथे या, दाखवतो नाणं कसं चालतं.

कॅनडानं १९८७ मध्ये डॉलरचं नाणं काढलं. आधी त्यावर होडीतले प्रवासी असायचे होते, पण ऑटावाहून विनिपेगला पाठवलेले साचे वाटेतच गहाळ झाले, म्हणून लून पक्ष्याचं चित्र घेतलं आणि नाव पडलं 'लूनी'. १९८९ मध्ये नोट द्यायची बंद. लोक कुरकुरले, खिसे फाटतात म्हणाले, आणि गप्प बसले. १९९६ मध्ये दोन डॉलरचंही नाणं आलं. आज लूनीशिवाय कित्येक दुकानांतली ढकलगाडी साखळीतून सुटत नाही.

गंमत बघा. लूनीला अकरा बाजू आहेत, चिमटीत धरलं की कळतं. अँथनीच्या नाण्यालाही अकरा बाजू होत्या, पण फक्त आतल्या चौकटीला! बाहेरून ते गोलच ठेवलं, कारण गोल नसलेलं नाणं मशिनांत अडकेल असं व्हेंडिंगवाल्यांचं म्हणणं. मशीनच्या भीतीपायी माणसाची सोय गेली. मशीनवालीताई, यात तुमच्या धंद्याचाही हात आहे बरं का.

मशीनवाली

१९७९ मध्ये मी सांगलीत दुसरीत होते. माझ्यावर केस होत नाही.

मैलाचा दगड

नाणं चालवण्यासाठी सरकारनं लोकांच्या गळ्यात पडून बघितलंय, हे नाणेघाटांनी सोयीस्करपणे गाळलं. २००८ पासून टांकसाळ नाणी छापील किमतीत घरपोच द्यायची, वाहतुकीचा खर्चही तिचाच. हेतू असा की लोक ती बाजारात आणतील. लोकांनी काय केलं? क्रेडिट कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवली, कार्डावर विमानप्रवासाचे मैल जमवले, खोकी न फोडता तशीच बँकेत नेऊन भरली आणि त्यातून कार्डाचं बिल चुकवलं. नाणी टांकसाळीतून निघाली आणि फेडच्या तळघरात पोचली, मधे कुणाच्या खिशाला स्पर्श नाही. लोक फुकटात युरोप फिरून आले. २०११ च्या जुलैत कार्डावर विकणं बंद केलं. त्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांची नाणी बाजारासाठी पाडणंही थांबवलं, कारण तळघरात तोवर १.४ अब्ज नाणी साठली होती. आता नवी निघतात ती संग्राहकांसाठी.

मी स्वतः? माझ्यावरही केस होत नाही.

नाणेघाट

मैलाचा दगड, नाव सार्थ केलंत. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. लोकांना नाणं आवडावं म्हणून बक्षिसं, फुकट पोच, जाहिराती, २००० मध्ये तर नाश्त्याच्या चेरिओजच्या काही डब्यांत टाकून वाटलं. सगळं केलं, फक्त नोट बंद केली नाही. कॅनडानं नेमकं तेच केलं.

हिशेबनीस, तुमचा २०१९ चा आकडा मी मान्य करतो. खरं सांगायचं तर तो मी वाचला नव्हता. पण बचत हा माझा मुद्दाच नाही. एक सेंटचं नाणं पाडायला कित्येक वर्षं सेंटहून जास्त खर्च येत होता, २०२४ मध्ये तर ३.६९ सेंट, तरी सेंट चालू ठेवला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात शेवटचा पाडला. म्हणजे सवयीतलं नाणं बंद करता येतं. तशी नोटही करता येईल.

हिशेबनीस

सेंट तोट्यात होता म्हणून बंद झाला. नोट तोट्यात नाही. फायद्यातली सवय मोडून तोट्यातली लावायची, वर मशीनवालीताईंच्या दिराची पाठ मोडायची. कशासाठी? तुम्हाला खणखणाट आवडतो म्हणून?

पेठेतला

देशातून लिहितोय, थोडं विषयांतर. आमच्याकडे दहाचं नाणं चालावं म्हणून रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं की चौदा प्रकारची नाणी आहेत आणि चौदाही खरी आहेत. तरी आमच्या कोपऱ्यावरचा पानवाला "हे चालत नाही" म्हणून परत करायचा. का, विचारलं तर "पुढे कुणी घेत नाही". पुढचा कोण, तर दूधवाला. दूधवाल्याला विचारलं, तो म्हणाला पानवाला घेत नाही. नोट असो नसो, नाण्याचं सगळं या 'पुढच्या' माणसावर असतं. तुमच्या कॉफीवाल्या मुलीला पाचवा खण मिळाला असता तर तिनं आत विचारलंही नसतं.

विषुववृत्त

साकागावियाबाई कुठे सुखात आहेत ते कुणी सांगितलंच नाही. इक्वेडोर! तिथे २००० पासून अमेरिकन डॉलरच चलन आहे. कामानिमित्त किटोला राहिलो, बसवाला, फळवाली, सगळ्यांच्या हातात हीच सोनेरी नाणी. घासून काळी पडलेली. न्यू जर्सीत आठ वर्षांत पाहिली नाहीत तेवढी तिथे आठवड्यात. उलट मळकी एक डॉलरची नोट दिली तर फळवाली तोंड वाकडं करायची. त्यामुळे नाण्यातच खोट आहे, हे म्हणणं सोडा.

मशीनवाली

हे मात्र पटलं. तिकडे दहा सेंट जास्त घेणारं कार्ड नसेल फळवालीकडे.

पण आपल्या लोकांचं नाणं म्हणाल तर ते क्वार्टरच. आठवा अपार्टमेंटच्या तळघरातली धुलाईची मशिनं. देशातून नवी आलेली पोरं बँकेत जाऊन आधी काय मागतात? दहा डॉलरची क्वार्टरची गुंडाळी. चाळीस नाणी, दोन आठवड्यांचे कपडे. आमच्या वेळी शनिवारी सकाळी क्वार्टर उसने मागायला लोक शेजारी जायचे, विरजणासारखे. डॉलरचं नाणं त्या मशिनांत घ्यायची सोय आधीच केली असती तर एक अख्खी पिढी तयार झाली असती, नाणेघाट. तुमचं ते साकागाविया तिथे हरलं.

नाणेघाट

ही खरी गोष्ट. आणि मी ती दोन वर्षं जगलोय. तरी नोटेबद्दल माझं मत तेच.

मशीनवाली

असू दे. मला एक सांगा, ती सतरा नाणी संपली का? पुढच्या महिन्यात पुतण्याची मुंज आहे एडिसनला. १०१ चा आहेर द्यायचा तर पाकिटावर चिकटवायला डॉलरची नोट बरी दिसत नाही.

नाणेघाट

तीन कॉफीत गेली, एक लेकीचा दात पडला तेव्हा उशीखाली गेलं. तेरा आहेत. किती हवीत?

हिशेबनीस

बघा. शेवटी बाजारात नाही, पाकिटावरच.