फॉरेन्सिक सायन्समध्ये बीएस्सी करावी की आधी साधी केमिस्ट्री?

कवडसा
नमस्कार मंडळी, मला फॉरेन्सिक सायन्समध्येच बीएस्सी करायचीय आणि घरी रोज त्यावरून चर्चा चाललीये. बाबांचं म्हणणं की आधी नुसती केमिस्ट्री कर, फॉरेन्सिक नंतर मास्टर्सला घेता येईल, वाटा खुल्या राहतात. मला मात्र तीन वर्षं थांबायचं जिवावर आलंय कारण गेली दोनेक वर्षं मी याच विषयावर मिळेल ते वाचतेय, ठसे, डीएनए, विषं, सगळंच. केमिस्ट्री आवडते, बायोलॉजी बरी आहे, मॅथ्सची थोडी धाकधूक आहे. तर प्रत्यक्ष डिग्रीत शिकवतात काय आणि बाबा म्हणतात ते बरोबर आहे का? ज्यांनी केलंय किंवा या कामात आहेत त्यांनी प्लीज सांगा.

परीक्षानळी
कवडसा, मी टॉक्सिकॉलॉजीच्या म्हणजे विषं तपासायच्या लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पहिली गोष्ट ही की चांगल्या फॉरेन्सिक डिग्रीत निम्म्याहून जास्त वेळ केमिस्ट्री आणि बायोलॉजीच असते, गुन्ह्याची जागा वगैरे त्यामानाने कमी. त्यामुळे बाबांचं आणि तुझं भांडण वाटतं तेवढं मोठं नाहीये, खरा प्रश्न कोर्सच्या नावाचा नाही, आत काय भरलंय त्याचा आहे. सिलॅबस काढ आणि बघ की ऑरगॅनिक, अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री, जेनेटिक्स, स्टॅटिस्टिक्स हे नीट पूर्ण पेपर म्हणून आहेत का, की सगळ्याची नुसती 'ओळख' करून दिलीये. कारण लॅबमध्ये नोकरी देताना हेच बघतात.

आता काम कसं असतं त्याचं एक उदाहरण देते, पहिल्याच वर्षी बहुतेक ठिकाणी करायला लावतात. कापडावर तपकिरी डाग आहे, रक्त आहे का बघायचं. फिल्टर पेपरने डाग हलकेच घासायचा, त्यावर थेंबभर अल्कोहोल, मग फिनॉल्फ्थॅलिनचं रंगहीन केलेलं द्रावण, आणि इथे थांबायचं. काही सेकंद नुसतं बघायचं. आत्ताच गुलाबी झालं तर तो रंग रक्तामुळे आलाय असं धरता येत नाही, एखादा ऑक्सिडायझर असू शकतो. काही झालं नाही की मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि लगेच गुलाबी आलं तर हिमोग्लोबिन असण्याची शक्यता. शक्यताच म्हणतेय, कारण बटाट्यासारख्या भाज्यांमधल्या पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमनेही तोच रंग येतो, आणि रक्त असलं तरी माणसाचं की प्राण्याचं हे या टेस्टवरून कळत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये 'रक्त सापडलं' असं लिहायचं नसतं, 'प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह' असं लिहायचं आणि पुढची खात्रीची टेस्ट करायची. त्या दोन वाक्यांतला फरक ज्या विद्यार्थ्याला मनापासून महत्त्वाचा वाटतो ना, त्याने हा विषय जरूर घ्यावा.

आणि कागदपत्रं भरपूर. नमुना कोणाकडून आला, सील कसं होतं, कोणी कधी उघडलं, उरलेलं कुठे ठेवलं, चेन ऑफ कस्टडी तुटली की उत्तम विश्लेषणही कोर्टात उभं राहत नाही. मशीनवर नमुना लावण्याआधी ब्लँक, म्हणजे नमुना नसलेलं नुसतं द्रावण लावायचं, म्हणजे आधीच्या नमुन्यातलं काही मागे राहिलं नाही ना ते कळतं. कंटाळवाणं वाटेल पण मला हे काम अजूनही फार आवडतं.

अचूकबाण
परीक्षानळी यांच्याशी पूर्ण सहमत. मी शिकवतो, त्यामुळे मॅथ्सच्या धाकधुकीबद्दल बोलतो. कवडसा, कॅल्क्युलसने घाबरू नकोस पण प्रोबॅबिलिटी मात्र पक्की कर, कारण या क्षेत्रात त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. समजा एक डीएनए प्रोफाइल दहा लाखांत एकाशीच जुळू शकतं आणि संशयिताशी जुळलं. म्हणून तो निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं म्हणायचं का? नाही! एक कोटी लोकांच्या शहरात साधारण दहा जण जुळतील, मग बाकीचा पुरावा काय सांगतो ते बघावं लागतं. हा घोळ शिकलेसवरलेले लोकही घालतात आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या तज्ज्ञाला तो साध्या भाषेत सोडवून सांगता यायला हवा.

दुसरं म्हणजे चुकांचा इतिहास वाच. २००४ मध्ये माद्रिदच्या बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा बोटाचा ठसा एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठरवला, त्याला अटक झाली, आणि स्पॅनिश पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. जर्मनीत तर पोलीस एका बाईला वर्षानुवर्षं शोधत होते, जिचा डीएनए एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कितीतरी गुन्ह्यांच्या जागी सापडत होता. २००९ मध्ये कळलं की तो डीएनए नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या बनवण्यात हात असलेल्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालाने स्पष्ट लिहिलं की डीएनए सोडला तर बऱ्याच जुळवाजुळवीच्या पद्धतींमागे पुरेसं संशोधन नाही. जिथे हे सगळं वर्गात उघडपणे शिकवतात तो कोर्स चांगला समज.

आणि एक गोष्ट मला प्रत्येक बॅचला सांगावीशी वाटते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, आणि लगेच तिथल्या जवळच्याच दोन खुनांच्या तपासात ते वापरलं गेलं, तेव्हा आधी काय झालं असेल तर कबुली दिलेला एक तरुण निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार नंतर सापडला, १९८८ मध्ये शिक्षा झाली. निरपराध माणसाला सोडवणं हे या शास्त्राचं तेवढंच मोठं काम आहे.

दुर्बिण
मी बाबांच्या बाजूने. प्युअर केमिस्ट्री केली, मग फॉरेन्सिकमध्ये मास्टर्स, आणि अजिबात अडलं नाही, उलट वर्गात स्पेक्ट्रोस्कोपी मलाच सगळ्यात सोपी गेली. फॉरेन्सिकच्या जागा सगळीकडेच मोजक्या असतात, त्या मिळेपर्यंत केमिस्ट्रीवाल्याला औषध, अन्न, पर्यावरण अशा कुठल्याही टेस्टिंग लॅबमध्ये काम मिळतं.

कवडसा
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. परीक्षानळी ताई, ती गुलाबी टेस्ट वाचून तर मला आजच लॅबमध्ये जावंसं वाटतंय. अजून एक विचारते, या डिग्रीवर पोस्टमॉर्टेम करता येतं का?

परीक्षानळी
नाही गं, ते डॉक्टरांचं काम, आधी मेडिकलची डिग्री आणि मग फॉरेन्सिकमध्ये स्पेशलायझेशन. आमच्याकडे तिथून रक्त, यकृताचा तुकडा, पोटातला अंश असे नमुने सीलबंद येतात. तुला मृतदेहाच्या तपासणीतच रस असेल तर रस्ताच वेगळा आहे, हे आत्ताच ठरव.

नसेल तर दोन्ही कोर्सची कॉलेजं बघायला जा आणि तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच गाठून विचार की जीसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं मशीन) त्यांनी स्वतः नमुना लावला होता की लांबून दाखवलं, आणि खोट्या कोर्टात उलटतपासणीचा सराव झाला का. बाबांनाही सोबत ने, त्यांनाही ऐकू दे. काय ठरलं ते इथे कळव, सिलॅबस टाकलास तर बघून सांगेन.