'सेल लाइन'ला मराठीत काय म्हणावं? पेशीरेषा, पेशीवाण की पेशीवंश?

मुद्रितशोधक
एका विज्ञानविषयक अंकासाठी लेख तपासते आहे. विषय आहे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 'सेल लाइन' प्रयोगशाळेत कशा तयार होतात. लेखकाने सगळीकडे 'पेशीरेषा' लिहिलंय. 'फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक पेशीरेषा विकसित करण्यात आल्या' असं वाचलं की पेशी रांगेत उभ्या आहेत असंच वाटतं. 'ऊती संवर्धन' पाठ्यपुस्तकातून रुळलंय, तसा याला नीट शब्द आहे का? की सरळ 'सेल लाइन' ठेवावं?

भिंग
'पेशीरेषा' नकोच. इथली 'लाइन' म्हणजे आखलेली रेघ नव्हे. एका माणसाच्या एका गाठीतून घेतलेल्या पेशी आणि त्यांच्यापासून पुढे वाढत गेलेली सगळी प्रजा, असा तो अर्थ आहे. मी 'पेशीवंश' लिहिते.

ए५४९ घ्या. १९७२ साली अमेरिकेत ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या फुप्फुसातल्या गाठीपासून हा वंश सुरू झाला. आज पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवा किंवा जपानमधून, कुपीत त्याच एका माणसाच्या पेशींची प्रजा असते. 'रेषा' म्हटलं की तो माणूस पुसला जातो.

दुसरं म्हणजे 'विकसित करण्यात आल्या'. यंत्र विकसित करतात, लस विकसित करतात. इथे तसा आराखडा कुणी आखत नाही. गाठीचे बारीक तुकडे करायचे किंवा छातीत साचलेलं पाणी यंत्रात गरगर फिरवून त्यातल्या पेशी खाली बसवायच्या, पोषकद्रवात ठेवायच्या, ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. मग वाट बघायची. बहुतेक वेळा काय होतं, तर गाठीबरोबर आलेल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधार देणाऱ्या साध्या पेशी, तळ व्यापून टाकतात आणि कर्करोगाच्या पेशी मागे पडून मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं : चातीसारख्या लांबट पेशींचे पट्टे चहूकडून सरकत येतात आणि मधलं गोलसर पेशींचं बेट दर वेळी थोडं लहान झालेलं असतं. त्यातून एखादा नमुना तगला तर तगला. म्हणून आमच्याकडे 'लाइन लागली' म्हणतात, रोप लागतं तसं. लेखात 'पेशीवंश प्रस्थापित झाला' चालेल.

उसाचा फड
भिंगताई, 'वंश'पेक्षा 'वाण' का नको? को ८६०३२ हा ऊस आमच्याकडे कांडी लावून वाढवतात, बी पेरून नव्हे. म्हणजे सगळ्या फडात मुळातलं एकच झाड. नावही तुमच्या ए५४९सारखं अक्षर आणि आकडा. बेणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, जातिवंत आहे का ते तपासून घ्यावं लागतं. 'पेशीवाण' शेतकऱ्यालाही एका दमात कळेल.

भिंग
शब्द गोड आहे आणि बेण्याच्या शुद्धतेचा मुद्दा तर अगदी चपखल. तरी दोन अडचणी आहेत. वाण म्हटलं की हवे ते गुण पारखून, निवडून केलेली जात. कर्करोगाचा पेशीवंश कुणी गुणांसाठी निवडत नाही, जो जगला तो आपला. आणि वाणाचे गुण टिकतील असं आपण धरून चालतो. या पेशींची गुणसूत्रं मुळातच विस्कटलेली असतात, वर्षानुवर्षं वाढवताना त्या आणखी बदलतात. दोन प्रयोगशाळांतल्या ए५४९ हळूहळू एकमेकींपासून दूर जातात. वंश म्हटलं की हे दूर जाणंही त्यात बसतं.

शिवाय प्रत्येक वंशाची आपली कुंडली असते आणि सगळं काम तिच्यावर चालतं. ए५४९मध्ये केरास जनुकात बिघाड आहे, त्यामुळे जेफिटिनिब या कर्करोगावरच्या औषधाला ती फारशी दाद देत नाही. जपानमधल्या पीसी-९मध्ये ईजीएफआर जनुकाचा एक तुकडा गळालेला आहे, तिथे तेच औषध अगदी थोड्या मात्रेत पेशी मारतं. एच१९७५ धूम्रपान न करणाऱ्या एका बाईच्या गाठीतून आली. तिच्यात ईजीएफआरमध्येच आणखी एक बदल आहे, त्यापुढे जेफिटिनिब हतबल होतं आणि ओसिमर्टिनिब हे दुसरं औषध लागतं. तिघींचं निदान एकच, अडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग. एकाच वंशावर प्रयोग करून 'फुप्फुसाच्या कर्करोगावर' असं लिहिणं म्हणूनच मला पटत नाही.

या कुंडल्या आपल्या हाती आहेत त्याचं मोठं श्रेय अदी गझदर आणि जॉन मिन्ना यांना. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आणि नंतर डॅलसमध्ये त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे शेकडो पेशीवंश उभे केले. एच६९, एच१९७५ ही एनसीआय-एच मालिका त्यांचीच. लघुपेशी कर्करोग या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रकारात सहसा शस्त्रक्रिया होत नाही, त्यामुळे हाती गाठच येत नाही. त्यांनी अस्थिमज्जा, लसीकाग्रंथी, छातीतलं पाणी यांतून पेशी मिळवल्या. या पेशी तळाला चिकटतही नाहीत, पुंजक्यांनी द्रवात तरंगत वाढतात. त्यांच्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन, इन्शुलिन, ट्रान्सफेरिन, इस्ट्राडायोल आणि सेलेनियम घातलेला द्रव वापरला गेला. सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, नसल्यामुळे त्यात फायब्रोब्लास्टचा जोर चालत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

मुद्रितशोधक
'पेशीवंश' घेते. लेखात 'अमर पेशी' असाही शब्द आहे. तो ठेवू?

रात्रपाळी
मी कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे. 'अमर' काढा, ही विनंती. छातीतून काढलेल्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेकडे जाते तेव्हा नातेवाईक विचारतात, 'सिस्टर, याचं पुढे काय करतात?' संशोधनासाठी संमती घेताना आम्ही सांगतो, की पेशी वाढल्या तर पुढे कित्येक वर्षं वापरल्या जातील. ज्यांचं माणूस हातचं चाललंय त्यांच्यासमोर त्याच्या रोगाला अमर म्हणवत नाही.

हेन्रिएटा लॅक्स यांचं तर साऱ्यांना माहीत आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या गाठीतून पेशी घेतल्या, त्यांना विचारलंही नाही. त्याच वर्षी त्या वारल्या. त्यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या हेला पेशी अजून वाढताहेत. घरच्यांना कळायला वीसेक वर्षं गेली.

भिंग
ताई, मान्य. शास्त्राच्या बाजूनेही 'अमर' बरोबर नाही. हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुप्पट झाल्या की थांबतात. कर्करोगाच्या पेशींना ती मर्यादा उरत नाही, एवढाच अर्थ आहे. खायला मिळालं नाही तर त्याही मरतातच. 'अखंड वाढणारा पेशीवंश' लिहा.

हेलाचा विषय निघालाच आहे तर लेखात एक वाक्य घालून घ्या. या पेशी इतक्या जोमाने वाढतात, की एक थेंब चुकून दुसऱ्या कुपीत गेला तरी मूळ पेशींना हटवून त्याच उरतात. १९६६ साली स्टॅनली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या नावांनी चाललेले कितीतरी वंश प्रत्यक्षात हेलाच होते. म्हणून आता डीएनएचा ठसा जुळवल्याशिवाय कोणत्याही वंशावर विश्वास ठेवू नये. नाव एकाचं आणि प्रजा दुसऱ्याची, हे 'वंश' शब्दात जसं बोचतं तसं 'रेषे'त बोचणार नाही.

विज्ञानवार्ता
बातम्या लिहिणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. 'अमुक पाल्याच्या अर्काने फुप्फुसाचा कर्करोग बरा' असा मथळा असतो, आत बघावं तर बशीतल्या ए५४९ मेलेल्या असतात. बशीत पेशी साध्या स्पिरिटनेही मरतात. 'कर्करोगाच्या पेशीवंशावर परिणाम दिसला, रुग्णांवर चाचणी नाही' इतकं लिहिलं तरी कुणी चालू औषध सोडून पाला उकळणार नाही.

मुद्रितशोधक
हे चौकटीत घालते. वाक्य आता असं केलंय : 'फुप्फुसाच्या कर्करोगाचा पेशीवंश लागेलच असं नसतं, लागला, तर तो त्या एका रुग्णाच्या गाठीची कुंडली घेऊन वाढतो.' शेवटची शंका : 'पॅसेज'ला 'पिढी' म्हणू?

भिंग
नको. कुपी भरली की पेशी ट्रिप्सिन या विकराने तळापासून सोडवून थोड्या थोड्या नव्या कुपीत घालायच्या, तो एक पॅसेज. तेवढ्या अवधीत पेशी अनेकदा दुभागलेल्या असतात, म्हणजे पॅसेज वीस आणि पिढी वीस यांत फार अंतर पडतं. 'पुनर्लागवड' चालतंय का बघा. ओढूनताणून वाटलं तर पॅसेजच ठेवा, पण आकडा गाळू नका. तीन पॅसेजची पेशी आणि तीनशेची पेशी यांचे निकाल सारखे येत नाहीत.